सहाव्या चमच्यासाठी सोलापूर

लोक सोलापूरला चादरी आणायला जातात, येता-जाता अक्कलकोट करतात. मी गेले एका चमच्यासाठी. हे मी शेजारच्या वहिनींना खरं खरं सांगितलं, तेव्हा त्यांनी माझ्याकडे न बघता माझ्या नवऱ्याकडे बघितलं आणि 'भावोजी, तुम्हीच धन्य' असं म्हणून त्या आत गेल्या. नवऱ्याने मान डोलावली. त्याला सवय आहे.

मी तीस वर्षं रत्नागिरीत भूगोल शिकवला आणि निवृत्तीच्या आधीपासूनच मला जुन्या विलायती चांदीचा नाद लागला. माझा संग्रह फार मोठा नाही. एक साखरेचा चिमटा, एक मोहरीची डबी, एक लोणी लावायची सुरी आणि पाच चमचे. पण या नादातली खरी मजा भांड्यात नसून भांड्याच्या पाठीवर असते. तिथे भिंगातून बघितलं की बारीक शिक्के दिसतात. चालता सिंह दिसला की चांदी अस्सल. शेजारी गावाची खूण, मग वर्षाचं अक्षर, मग घडवणाऱ्याची आद्याक्षरं. नांगर असेल तर ते भांडं बर्मिंगहॅमचं. बर्मिंगहॅमला समुद्र नाही, बंदर नाही, आणि खूण मात्र नांगराची. बंदराच्या गावात भूगोल शिकवणाऱ्या बाईला ही गोष्ट पचायला दोन वर्षं लागली.

हे पाच चमचे मला अकरा वर्षांपूर्वी पुण्याच्या जुन्या बाजारात, एका बंद पडलेल्या मिक्सरच्या भांड्यात मिळाले. पाचही बर्मिंगहॅमचे, एकाच वर्षाचे, एकाच कारागिराचे, आणि दांडीच्या टोकावर मान मागे वळवून बघणारा एक हंस कोरलेला. असे चमचे सहाच्या संचात येतात. पाच चमच्यांना संच म्हणत नाहीत, नुसते पाच चमचे म्हणतात. अकरा वर्षं मी सहावा शोधत होते. आणि एवढ्या वर्षांत त्या पाचांपैकी एकाही चमच्याला मी साधा चहा लागू दिला नव्हता. मखमलीच्या कापडात गुंडाळून ते कपाटात असत, आणि मी दर रविवारी त्यांना बाहेर काढून बघत असे.

मार्चमध्ये सोलापूरच्या माझ्या मावसबहिणीने, शोभाताईने, फोनवर एक फोटो पाठवला. स्टीलच्या साखरेच्या डब्यात उभा एक चमचा, आणि वर मान वळवलेला हंस. खाली लिहिलं होतं, 'वृंदे, हे तुझ्यातलंच ना?' मी त्या वेळी आंबोळ्या घालत होते. पुढच्या तीन आंबोळ्या करपल्या, त्या नवऱ्याने तक्रार न करता खाल्ल्या.

शुक्रवार, जुळे सोलापूर

शोभाताई जुळे सोलापुरात दुसऱ्या मजल्यावर राहते. मी रिक्षातून उतरले तेव्हा सकाळचे दहा वाजले होते आणि डांबर मऊ पडायला लागलं होतं. आमच्याकडे उन्हाळा म्हणजे घाम. इथे घाम येतच नाही, येण्याआधीच वाळतो. मला हे इतकं आवडलं की मी दोनदा गच्चीवर जाऊन आले. तिसऱ्यांदा जायला निघाले तेव्हा शोभाताईने दाराला कडी घातली.

घरात शिरल्या शिरल्या मी सवयीप्रमाणे बाथरूममध्ये जाऊन पायांवर बादलीभर पाणी ओतलं, मग आणखी अर्धी बादली, आणि वर गुणगुणतही होते. बाहेर आले तर शोभाताई कमरेवर हात ठेवून उभी. पाणी चार दिवसांनी येतं, आज तिसरा दिवस, आणि मी जे पायांवर घातलं ते उद्या सकाळचं भांड्यांचं पाणी होतं. ती रागावली नाही. फक्त म्हणाली की तुम्ही कोकणातली माणसं पाण्याच्या बाबतीत फार श्रीमंत. पुढचे दोन दिवस मी तांब्याने पाणी घेताना तिची परवानगी घेत होते.

जेवायला कडक भाकरी. मला ती पापडाची मोठी बहीण वाटली. एवढी पातळ, एवढी कुरकुरीत, आणि म्हणे महिनाभर टिकते. सोबत शेंगाची चटणी आणि त्यावर घट्ट दही. मी भाकरीचा मोठा तुकडा तोंडात कोंबला आणि तो टाळूला असा लागला की डोळ्यांत पाणी आलं. चुरून, दह्यात भिजवून खायची असते हे शोभाताईने नंतर सांगितलं. भिजवून खाल्ली तेव्हा मी चार संपवल्या.

मग मुद्द्याचं बोलणं झालं. चमचा होता कमलताईंचा. या शोभाताईच्या सकाळच्या फिरण्यातल्या मैत्रीण, सिव्हिल हॉस्पिटलात नर्स होत्या, आता निवृत्त. घर गावात, बुद्धविहाराच्या मागच्या गल्लीत. शोभाताईने त्यांना माझ्या वेडाबद्दल थोडंसं सांगितलं होतं, आणि कमलताईंनी रविवारी दोघींना जेवायलाच बोलावलं होतं. चमचा मागायचा कसा हे मी रात्रभर ठरवत होते. विकत मागणं वाईट दिसलं असतं. शेवटी असं ठरलं की माझे पाच चमचे बरोबर न्यायचे, त्यांच्या चमच्याशेजारी मांडायचे आणि कुटुंब कसं ताटातुटीत पडलंय ते दाखवायचं. पाषाणालाही पाझर फुटेल असं भाषण मी मनात तयार केलं. हे पाच मी रत्नागिरीहून उगीच आणले नव्हते.

शनिवार, बाजार

रविवारपर्यंत थांबवेना म्हणून शनिवारी जुन्या भांड्यांच्या बाजारात गेले. तिथे रशीदभाईंचं दुकान आहे. तांब्याची घंगाळं, पितळी समया, बिनझाकणाचे डबे आणि मध्ये स्टुलावर स्वतः रशीदभाई. मी विलायती चांदी म्हणताच त्यांनी एक लांबडा काटा काढला आणि शंभर टक्के चांदी म्हणून माझ्या हातात दिला. मी भिंग काढलं. पाठीवर चार अक्षरं होती. ती अक्षरं म्हणजे वर चांदीचं पाणी आणि आत भलताच धातू. मी वर्गात शिकवायचे तशा आवाजात त्यांना ते समजावलं.

रशीदभाईंनी शांतपणे समोरच्या सरबताच्या गाड्यावरून बर्फाचा खडा मागवला आणि काट्यावर ठेवला. चांदी असेल तर बर्फ झट वितळतो, ही जुनी परीक्षा आहे, आणि ती खरीही आहे. खडा बघता बघता नाहीसा झाला. ते विजयी मुद्रेने माझ्याकडे बघत होते. मी दुसरा खडा मागवला आणि त्यांच्या लाकडी स्टुलावर ठेवला. तोही तेवढ्याच वेळात नाहीसा झाला. बेचाळीस अंशांत बर्फ कशावरही वितळतो, त्यात काट्याची काही कर्तबगारी नव्हती.

रशीदभाई इतके हसले की त्यांनी स्टूल सोडून पायरीवर बसकण मारली. "बाई, तुम्हाला फसवायला डिसेंबरमध्ये बोलवायला पाहिजे," असं म्हणून त्यांनी उरलेल्या बर्फाचं सरबत करायला सांगितलं. निघताना मी तो काटा घेतलाच. खोटा असला तरी एवढं मनोरंजन त्याने केलं होतं.

रविवार, कमलताईंचं घर

दारातच मला शंका यायला हवी होती. दाराला झेंडूचं तोरण होतं, ओट्यावर दहा-बारा जोड चपला होत्या, आणि शोभाताईच्या हातात साडीचा बॉक्स होता. पण माझं सगळं लक्ष पर्समधल्या मखमली गुंडाळीकडे. आत गेले तर झोपाळा फुलांनी सजवलेला आणि त्यावर मोगऱ्याचे दागिने घालून बसलेली एक मुलगी. कमलताईंच्या सुनेचं, प्रज्ञाचं, डोहाळजेवण होतं. मी शोभाताईकडे बघितलं. ती म्हणाली, "सांगितलं की मी, जेवायला बोलावलंय म्हणून."

प्रज्ञा चिंचोळी एमआयडीसीतल्या औषधांच्या कारखान्यात तपासणी विभागात काम करते. गोळ्यांच्या ढिगातून एखादी वाकडी गोळी डोळ्यांनी टिपायची, असं तिने स्वतःच्या कामाचं वर्णन केलं. सातवा महिना सरला होता आणि परवापर्यंत ती स्कूटीवर कामाला जात होती. यावर तिची आजेसासू, कोंडाबाई, आता स्कूटी नाही, असं जोरात म्हणाल्या. या पंच्याऐंशीच्या, दात सगळे गेलेले, डोळे मात्र लख्ख. घरातला शेवटचा शब्द त्यांचा, हे पाच मिनिटांत कळलं.

आधी बुद्धवंदना झाली. मग दोन झाकलेल्या वाट्या आल्या, एकीत बर्फी, एकीत पेढा. बर्फी निघाली की मुलगी, पेढा निघाला की मुलगा. आमच्याकडेही हेच असतं, फक्त वाट्या उघडताना आमच्याकडे घरभर श्वास रोखतात. इथे प्रज्ञाने दोन्ही झाकणं एकदम काढली आणि दोन्ही खाल्ली. कोंडाबाईंनी मान डोलावली. कुणीही आलं तरी चालेल, असा त्याचा अर्थ त्यांनी सगळ्यांना सांगितला.

आणि मग खिरीचं पातेलं आलं, त्याच्याबरोबर तो आला. सहावा. कोंडाबाईंनी पदरातून काढला. मी हात पुढे केला. त्यांनी तो बिनदिक्कत दिला. मी उलटा केला, भिंग लावलं. सिंह होता, नांगर होता, तेच अक्षर, तोच कारागीर. सगळं चिंच आणि राखेने इतकी वर्षं घासून गुळगुळीत झालेलं, पण होतं. आणि शिक्क्यांच्या वरच्या बाजूला, दांडीच्या पूर्ण लांबीत, छिन्नीने ठोकून ठोकून घातलेलं मराठी नाव: 'मडमसायबाकडून राधीस'.

माझ्या तोंडून 'अरेरे' निघालं असावं, कारण कोंडाबाई समजावणीच्या सुरात सांगू लागल्या. राधा म्हणजे त्यांची सासू. गिरणीच्या गोऱ्या मॅनेजरच्या बंगल्यावर आया होती. मडमेचं पोर इतर कुणाच्या हातून औषध घेत नसे, राधाच्या हातून मात्र घ्यायचं, ह्याच चमच्याने. ते लोक विलायतेला निघाले तेव्हा मडमेने हा एक चमचा तिच्या हातात ठेवला. राधाबाईंनी दुसऱ्याच दिवशी त्याच्यावर नाव घालून घेतलं. दिलेल्या वस्तूवर देणाऱ्याचं नाव घालायचंच, नाहीतर चोरीची म्हणतील लोक. तेव्हापासून हा चमचा सासूकडून सुनेकडे येतो. राधाबाईंनी कोंडाबाईंना दिला, कोंडाबाईंनी कमलताईंना. घरातल्या प्रत्येक पोराच्या तोंडात पहिला घास याने गेला. गल्लीतल्याही निम्म्या पोरांच्या.

हे ऐकून शहाण्या माणसाने गप्प बसायला हवं होतं. मी नाही बसले. मला वाटलं, हीच वेळ. मी पर्स उघडली, मखमल झोपाळ्यासमोरच्या टीपॉयवर पसरली आणि माझे पाच चमचे एकेक करून मांडले, आणि शेवटी त्यांचा सहावा. अकरा वर्षांनी, कदाचित ऐंशी वर्षांनी, सहा हंस एका रांगेत, सगळ्यांच्या माना एकाच दिशेला. मला गुदगुल्या झाल्यासारखं हसू यायला लागलं. बायका पुढे आल्या, शोभाताई फोटो काढायला लागली, आणि मी भाषणाला सुरुवात करणार तेवढ्यात कोंडाबाईंनी माझे दोन्ही हात हातात धरले.

"लई मोठ्या मनाच्या हाय तुमी. वळख ना पाळख, आन् आमच्या सुनंला चांदीचा आहेर आणला. पर पाच न्हाय घ्यायच्या आमी. एकच ठेवतो. बाकीचं तुमच्या सुनंला."

त्यांनी पाचांतला एक उचलला, तो प्रज्ञाच्या ओंजळीत ठेवला आणि उरलेले चार स्वतःच्या हाताने मखमलीत गुंडाळून माझ्या मांडीवर दिले. बायकांनी टाळ्या वाजवल्या. कमलताईंचे डोळे भरून आले. शोभाताईने माझ्याकडे बघितलं आणि फोन तोंडासमोर धरला, कारण ती हसत होती. मला आजवर इतकं मूर्खासारखं कधी वाटलं नव्हतं, आणि तरी माझं तोंड हसतच होतं, ते काही केल्या मिटेना.

पुढचं इतकं भराभर झालं की मला मध्ये शिरायला फटच सापडली नाही. कोंडाबाईंनी प्रज्ञाच्या नवऱ्याला, नितीनला, हाक मारली. भांड्याच्या दुकानात यंत्राने नाव घालून मिळतं, दुकान दुपारी बंद होतं, म्हणून आत्ताच जाऊन यायचं. शोभाताईने माझं नाव सांगितलं. नितीनने ते फोनमध्ये लिहून घेतलं, चमचा शर्टाच्या खिशात टाकला आणि गाडी काढली. बर्मिंगहॅमचा शंभराहून अधिक वर्षांचा, ओरखडासुद्धा नसलेला चमचा, शर्टाच्या खिशात, बॉलपेनच्या शेजारी. कुठल्याही संग्राहकाला विचारा. नाव घातलेल्या चांदीला जाणकार हात लावत नाहीत.

मी पाणी प्यायचं निमित्त करून स्वयंपाकघरात गेले. माठापाशी उभी राहून मी गुंडाळीतले चमचे चाचपले. चार. मी सहा करायला आले होते.

मागे पैंजण वाजले. प्रज्ञा फुलांच्या दागिन्यांसकट आत आली होती. तिने दार लोटलं, मला नीट बघून घेतलं. ती वाकड्या गोळ्या कशा टिपत असेल ते मला तेव्हा कळलं.

"काकू, हा आहेर नव्हता ना?"

मी काहीतरी पुटपुटले. तिने हाताने थांबवलं. हळू आवाजात म्हणाली की त्यात लाजण्यासारखं काही नाही, आजींचं असंच असतं, त्या एकदा बोलल्या की कुणी मध्ये बोलत नाही. पण नितीन अजून दुकानात पोचला नसेल. चौकातल्या सिग्नलला असेल. तिने कमरेवरच्या मोगऱ्यातून फोन बाहेर काढला.

"लावू? तुम्ही फक्त हो म्हणा. आजींना मी सांगते, मला चांदीचा नको, स्टीलचाच पाहिजे. डोहाळे लागलेत म्हणते."

बाहेर खिरीच्या वाट्या वाजत होत्या आणि कोंडाबाई कुणाला तरी माझ्याबद्दल सांगत होत्या. रत्नागिरीहून आलेल्या बाई, पाण्यापलीकडून आल्यागत आल्या, असं काहीतरी. मला एकदम खरं ते कळलं आणि कानशिलं गरम झाली. मी या घरातून चमचा घेऊन जायला आले होते, भाषण पाठ करून आले होते, आणि इथल्या एकाही माणसाच्या मनात आलं नाही की मी घ्यायला आलेय. त्यांनी मला बघितलं आणि द्यायला आलेली बाई समजले. अशी बाई मी कधीच नव्हते. आज एका दुपारपुरती मला ती होता येत होतं, आणि वेळ होता नितीनचा सिग्नल सुटेपर्यंत.

"लाव," मी म्हणाले.

प्रज्ञाने लावला. पलीकडे गाडीचा आवाज आला. तिने फोन माझ्यापुढे धरला.

"नितीन, मी वृंदामावशी बोलतेय. शोभाताईने माझं अर्धंच नाव सांगितलंय. पूर्ण घाल, आणि खाली रत्नागिरी घाल. आणि प्रज्ञाचं नाव मोठ्या अक्षरांत."

प्रज्ञाने फोन बंद केला. तिने पदराने माझं नाक पुसलं, कारण ते गळत होतं, आणि मला बाहेर घेऊन गेली.

नितीन पाऊण तासाने आला. तोवर मी दोन वाट्या खीर खाल्ली होती, त्यातली दुसरी माझ्याच चमच्याने, पहिल्यांदा. चांदीचा चमचा खिरीत गेला की लगेच गरम होतो आणि ओठाला चटका बसतो, हे अकरा वर्षांत मला माहीतच नव्हतं. नवीन चमचा हातोहात फिरत माझ्याकडे आला. यंत्राच्या सुईने टिंबाटिंबांत घातलेलं नाव, सिंहाच्या शेपटीवरून थेट नांगरापर्यंत गेलेलं. मी भिंग काढलं नाही. अक्षरं हातभर अंतरावरूनही स्वच्छ दिसत होती. मी तो कोंडाबाईंच्या हातात दिला. त्यांनी दोन चमचे शेजारी धरले, मडमेचा आणि माझा, आणि कमलताईंना म्हणाल्या, "आता ह्या घरात दोन सुना झाल्या तरी भांडण न्हाय."